जीवाश्म सापडणे पुरेसे नाही, तो पुन्हा पाहता आला पाहिजे

फेब्रुवारी २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय नियतकालिकात भीमबेटक्याविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि आठवडाभर वर्तमानपत्रांना चांगला विषय मिळाला. भोपाळजवळच्या या जगप्रसिद्ध शैलाश्रयांपैकी एका मोठ्या गुहेच्या छतालगत 'डिकिन्सोनिया' या प्राण्याचा ठसा आढळल्याचा दावा त्यात होता. डिकिन्सोनिया म्हणजे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर पसरून राहणारा, लंबगोल, अंगावर पन्हळी असलेला मऊ जीव. त्याला हाड नाही, कवच नाही, तोंड असल्याचा पुरावाही नाही. तो प्राणी आहे, बुरशी आहे की आणखी काही, यावर सत्तर वर्षे वाद चालला, आणि रशियातील श्वेत समुद्राच्या काठच्या नमुन्यांत कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडल्यावर २०१८ मध्ये तो प्राणीच असावा या बाजूला पारडे झुकले. असा जीव भारतात प्रथमच मिळाला, तोही आदिमानवाच्या चित्रांच्या शेजारी, हे वृत्त मोहक होते यात शंका नाही.

दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिले की तो ठसा जुन्या मधमाश्यांच्या मोहोळाचा उरलेला भाग होता. तो खडकाच्या पृष्ठभागापासून सुटू लागला होता, आणि खडकाचाच भाग असलेला जीवाश्म असा दोन-तीन वर्षांत झडत नाही. आसपास इतर मोहोळेही होती. मूळ निबंधाचे प्रमुख लेखक, ओरेगन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलक, यांनी ही दुरुस्ती मान्य केली. प्रश्न केवळ एका ठशाचा नव्हता. डिकिन्सोनिया खरा असता तर भीमबेटक्याचा वालुकाश्म सुमारे ५५ कोटी वर्षांचा ठरला असता, आणि झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून विंध्य खडकांच्या (मध्य भारतातील ज्या प्राचीन गाळाच्या खडकांत भीमबेटका येते त्यांच्या) वरच्या थरांचे वय १०० कोटी वर्षांच्या आसपास मानणाऱ्यांचे सगळे गणित कोसळले असते.

या प्रकरणावर आपल्याकडे जी प्रतिक्रिया उमटली ती मुख्यतः हसण्याची होती, आणि ती मला चुकीची वाटते. निष्कर्ष चुकला, पण चूक सापडली, आणि ती सापडण्याचे कारण तपासण्यासारखे आहे. भीमबेटका हे २००३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे छिन्नी लावता येत नाही, त्यामुळे पहिला दावा निरीक्षणावर आणि छायाचित्रांवर उभा राहिला, हे खरे. पण त्याच संरक्षणामुळे दुसऱ्या गटाला तीच गुहा, तोच छताचा भाग, तीच वस्तू पुन्हा पाहता आली. भारतातील बहुसंख्य जीवाश्मांना हे भाग्य लाभत नाही. माझे म्हणणे असे की आपल्याकडे जीवाश्मांसाठी जो कायदा कधी ना कधी होणार आहे, त्याच्या केंद्रस्थानी जागेला घातलेले कुंपण असण्यापेक्षा प्रत्येक दावा पुन्हा तपासता येण्याची हमी असली पाहिजे. आणि ही हमी मध्य भारतापुरती प्रत्यक्षात आणण्याची जागा नागपूर आहे.

मऊ शरीराच्या जीवांच्या बाबतीत ही गरज सर्वाधिक तीव्र असते. शंख, दात, हाडे टिकतात, कारण ती आधीच खनिजाची असतात. अळी, जेलीफिश किंवा कवच नसलेला संधिपाद मेला की काही दिवसांत तो कुजून नाहीसा होतो, आणि म्हणून पृथ्वीवरच्या बहुतांश जीवसृष्टीची नोंदच झालेली नाही. अपवाद घडतो तो अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यावर. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वी पाण्याखालच्या उंच चुनखडी कड्याच्या पायथ्याशी बारीक चिखलाचे लोट वाहत आले आणि त्यांनी प्राण्यांना एका दमात गाडले; आत ऑक्सिजन पोहोचला नाही आणि कुजणे मंदावले; मृतदेहाचे जे उरले ते कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्याच्या रूपात. हाच तो 'बर्जेस शेल'. चीनच्या युन्नान प्रांतातील चंगज्यांग येथे, सुमारे ५१ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत, प्राण्यांभोवती तयार झालेल्या लोहखनिजाचे पुढे गंजासारखे ऑक्साइड झाले, आणि पिवळट चिखलाश्मावर लालसर प्राणी उमटले. ऑस्ट्रेलियाच्या एडियाकरा टेकड्यांत तर वाळूखाली गाडलेले जीव समुद्रतळावरच्या सूक्ष्मजीवांच्या थरामुळे साच्यासारखे छापले गेले. तिन्ही ठिकाणी हाती येते ती सपाट, दबलेली, कधी वाकडी झालेली आकृती. तिचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावताना माणूस चुकतो.

किती चुकतो, हे बर्जेस शेलचाच इतिहास सांगतो. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख चार्ल्स वॉल्कॉट यांना ही जागा १९०९ च्या ऑगस्टअखेर मिळाली, आणि पुढच्या अनेक उन्हाळ्यांत त्यांनी तिथून सुमारे ६५ हजार नमुने वॉशिंग्टनला नेले. वॉल्कॉट प्रशासक म्हणून इतके व्यग्र होते की सखोल अभ्यासाला त्यांना सवड मिळाली नाही, आणि त्यांनी जवळजवळ प्रत्येक जीव ओळखीच्या आधुनिक गटात बसवून टाकला. तरीही त्यांचे सर्वात मोठे काम तेच ठरले जे त्यांनी निष्कर्षांपलीकडे केले होते: नमुने क्रमांक देऊन सार्वजनिक संस्थेच्या कपाटांत ठेवणे. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी केंब्रिजचे हॅरी व्हिटिंग्टन आणि त्यांचे विद्यार्थी सायमन कॉन्वे मॉरिस व डेरेक ब्रिग्ज यांनी तीच कपाटे उघडली. व्हिटिंग्टन यांनी १९७२ मध्ये ऑक्सफर्डच्या एका परिषदेत पाच डोळ्यांच्या, पुढे सोंडेसारखा अवयव असलेल्या 'ओपाबिनिया'चे चित्र दाखवले तेव्हा सभागृह हसले म्हणतात. हसणाऱ्यांना उत्तर द्यायला नमुना होता.

'अ‍ॅनोमॅलोकॅरिस'ची कथा अधिक बोलकी आहे. १८९२ मध्ये या नावाने वर्णन झाले ते कोळंबीच्या धडासारख्या दिसणाऱ्या एका तुकड्याचे. वॉल्कॉट यांनी मधोमध भोक असलेली एक गोल चकती जेलीफिश म्हणून नोंदवली. ऐंशीच्या दशकात व्हिटिंग्टन यांनी जुन्या नमुन्यावरचा खडक सुईने काळजीपूर्वक कोरून काढला, तेव्हा 'कोळंबी' हा एका मोठ्या शिकारी प्राण्याचा पुढचा पकडीचा अवयव आणि 'जेलीफिश' हे तशाच प्राण्याचे तोंड असल्याचे दिसले. १९८५ मध्ये ब्रिग्ज यांच्यासह त्यांनी तो प्राणी पूर्ण उभा केला. 'हॅलुसिजेनिया'चे तर उलटसुलटच झाले होते. १९७७ मध्ये कॉन्वे मॉरिस यांनी त्याला काट्यांवर चालणारा आणि पाठीवर शुंडके असलेला प्राणी मानले. १९९१ मध्ये लार्स रामशोल्ड आणि हौ श्यान्ग्वांग यांनी चंगज्यांगच्या नमुन्यांच्या आधारे दाखवले की काटे पाठीवर आणि शुंडके म्हणजे पाय. डोके कुठले हा प्रश्न तरीही उरला, आणि तो २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुटला. एका टोकाचा ज्याला लोक डोके समजत होते तो गोळा कुजताना बाहेर पडलेल्या द्रवाचा डाग होता, आणि डोळे दुसऱ्या टोकाला होते. एवढ्या चुका केल्याबद्दल या मंडळींना कुणी वेड्यात काढले नाही. नमुने हरवले असते, किंवा कुणा एका प्राध्यापकाच्या खासगी कपाटात कुलूपबंद राहिले असते, तर काट्यांवर चालणारा तो प्राणी आजही पाठ्यपुस्तकांत तसाच उलटा चालत असता.

आता आपल्याकडे वळू. विंध्य खडकांविषयी १९९८ मध्ये दोन खळबळजनक दावे झाले. एका आंतरराष्ट्रीय गटाने चुरहट भागातील वालुकाश्मात अळ्यांनी पोखरलेल्या बिळांसारख्या खुणा असल्याचे म्हटले. त्याच वर्षी भारतीय जीवाश्मतज्ज्ञ रफत आझमी यांनी सोन नदीच्या खोऱ्यातील चुनखडकांतून बारीक कवचधारी जीवाश्म नोंदवले आणि त्यावरून तो खडक कॅम्ब्रियन कालखंडाच्या, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी प्राण्यांची विविधता झपाट्याने वाढू लागली त्या काळाच्या, उंबरठ्यावरचा मानला. आझमी यांच्यावर मोठा संशय घेतला गेला. २००९ मध्ये स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या गटाने चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांचा नव्याने अभ्यास करून जो निष्कर्ष काढला तो दोन्ही बाजूंना गोंधळात टाकणारा होता: जीवाश्म खरे, पण खडक कॅम्ब्रियनपेक्षा १०० कोटी वर्षांहूनही जुना, सुमारे १६० कोटी वर्षांचा. म्हणजे ते प्राणी नसणार. २०१७ मध्ये त्यांतल्या काहींचे लाल शैवालांशी साम्य दाखवले गेले आणि एकाला आझमी यांच्याच नावावरून 'रफताझ्मिया चित्रकूटेन्सिस' असे नाव मिळाले. ज्या माणसाकडे संशयाने पाहिले गेले त्याचे नाव शेवटी जीवाश्मालाच लाभले. खडक जागेवर होता आणि नमुने पुन्हा मिळवता आले, म्हणून हा निवाडा लागू शकला.

जिथे तशी सोय नव्हती तिथे काय झाले, हेही विसरता येत नाही. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मधून दाखवले की सुमारे पाव शतकभर हिमालयातील म्हणून प्रसिद्ध केले गेलेले कित्येक जीवाश्म मुळात जगाच्या दुसऱ्याच कोपऱ्यांतले होते. सापडल्याचे सांगितलेले ठिकाण इतरांना सापडत नव्हते. हिमालयाच्या भूशास्त्रातील किती विधाने त्या निबंधांवर विसंबून केली गेली होती ते निस्तरायला इतरांची वर्षे गेली. व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर चालणारी व्यवस्था अप्रामाणिक माणसापुढे लुळी पडते. नोंदीवर चालणारी तशी पडत नाही.

नागपूर शहराचा या विषयाशी संबंध नवा नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी टाकळीच्या लाव्हाथरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले. १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात दोघांचा नागपूर परिसरावरचा निबंध छापून आला. टाकळीवर आज वस्ती उभी आहे. शहराच्या दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 'ब्रॅकिऑप्स' या नावाने केले. ती कवटी लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा डायनासोर 'इसिसॉरस' कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे, आणि त्याचे नावही त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. यात गैर काही नाही, लंडनच्या आणि कोलकात्याच्या संस्थांनी ते सांभाळले म्हणून ते आहेत. पण सांभाळणेही किती ठिसूळ असते याचा दाखला जबलपूरचा आहे. तिथे १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना मिळालेल्या भारतातील पहिल्या डायनासोरचे मणके, ज्यांना जीवाश्मतज्ज्ञ लिडेकर यांनी १८७७ मध्ये 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले, दीर्घकाळ हरवलेले मानले जात होते. त्यांतला एक २०१२ मध्ये कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या स्वतःच्याच संग्रहात सापडला. चोरी झाली नव्हती. यादी नव्हती.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. हे लिहीपर्यंत त्याचा कायदा झालेला नाही. मसुद्याचा रोख जागा घोषित करणे, ती ताब्यात घेणे, नुकसान करणाऱ्याला शिक्षा करणे आणि या सर्वांचे अधिकार भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे देणे यावर आहे. एकाच सरकारी विभागाच्या हाती सारी सत्ता एकवटते, हा त्यावरचा संशोधकांचा आक्षेप रास्त आहे, पण तो मला अर्धाच वाटतो. अधिकार समितीकडे दिले तरी मूळ उणीव राहते. कोणता नमुना कुठे आहे, तो कुणाला पाहता येईल, आणि नकार मिळाला तर दाद कुठे मागायची, या प्रश्नांना मसुद्याच्या रचनेत हवे तेवढे स्थान नाही. भारतात मिळालेल्या जीवाश्मावरून नव्या जातीचे किंवा नव्या वयाचे विधान करणाऱ्या प्रत्येकाने मूळ नमुना, किंवा तो काढणे अशक्य असेल तर त्याची अचूक जागा आणि त्रिमितीय प्रतिमा, मान्यताप्राप्त सार्वजनिक संग्रहात नोंदवलीच पाहिजे. आणि त्या संग्रहाने विहित मुदतीत कोणत्याही पात्र अभ्यासकाला, मूळ संशोधकाच्या विरोधकालासुद्धा, तो पाहू दिलाच पाहिजे, अशी तरतूद हवी. विरोधकाचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण दार बंद होते ते नेहमी त्याच्यासाठीच.

या मागणीवर दोन हरकती येतील. पहिली खाणींची. नागपूर हे देशाच्या खाणव्यवसायाचे कार्यालयीन केंद्र आहे: भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय इथे, वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालये इथे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय सेमिनरी हिल्सवर, राज्याचे भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयही याच शहरात. जीवाश्मांचा बाऊ केला की कोळसा अडेल, सिमेंट अडेल, असे म्हणणारे इथे पुष्कळ भेटतील. पण इतिहास उलट सांगतो. एडियाकराचे जीवाश्म १९४६ मध्ये रेग स्प्रिग यांना सापडले ते सरकारी भूवैज्ञानिक म्हणून जुन्या खाणी पाहताना, आणि डिकिन्सोनियाला नाव मिळाले ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे खाण संचालक बेन डिकिन्सन यांचे. (नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या संचालकाच्या नावाने एखादा प्राचीन जीव ओळखला जावा, अशी इच्छा बाळगायला काही हरकत नसावी.) खाण हाच जीवाश्म उघडा पाडणारा सर्वात मोठा हात आहे. उमरेड-कामठीच्या कोळशालगतच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पाने असतात. चंद्रपूरच्या गडचांदूर-आवारपूर भागात सिमेंटसाठी खोदला जाणारा पैनगंगा गटाचा चुनखडक तर प्राणी दिसू लागण्याच्या कितीतरी आधीच्या समुद्राचा तळ आहे, म्हणजे नागपूरच्या आसपास त्या आदिम समुद्राचे जे काही हाती येऊ शकते ते तिथेच. त्यात मऊ जीवांचे काही निघेलच असे मुळीच नाही. पण निघाले तर ते क्रशरमध्ये जाण्याआधी कुणी पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी खाण बंद पाडावी लागत नाही. खाणीच्या भूवैज्ञानिकाला नमुना बाजूला काढून पाठवण्याचे बंधन आणि पाठवायला पत्ता लागतो. चंगज्यांगला स्थळाभोवतालच्या फॉस्फेटच्या खाणी बंद कराव्या लागल्या, हे खरे. तशी वेळ क्वचित येते, आणि आली तर तो निर्णय पुराव्यानिशी घेता आला पाहिजे, अफवेवर नव्हे.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: संग्रह आणि जागा खुल्या केल्या की चोरी वाढेल. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलाँ येथे लाव्हाथरांमधल्या चर्ट या गारगोटीसारख्या कठीण दगडामध्ये फळे आणि फुलेसुद्धा पेशींच्या तपशिलासह टिकली आहेत. वनस्पतिशास्त्राच्या सहली तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात आल्या आणि विद्यार्थ्यांच्या पिशव्यांतून तो दगड गावोगावच्या प्रयोगशाळांत पोहोचला. त्यातून उत्तम संशोधन झाले, आणि त्यातले पुष्कळ निनावी होऊन पडले. यावर बंदीचा उपाय सुचवणाऱ्यांना मी विचारीन की बंदी कोण राबवणार. नोंद असलेला नमुना विकणे अवघड असते. नोंद नसलेला कधी होता हेच सिद्ध करता येत नाही. म्हणून जागेचे नेमके अक्षांश-रेखांश जनतेपासून राखून ठेवावेत आणि अभ्यासकाला द्यावेत, हा मधला मार्ग मला मान्य आहे.

हा संग्रह नागपुरात कुठे असावा यावर मतभेद होतील. १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, हाती आहेच, पण कार्बनचा पापुद्रा असलेल्या नाजूक पाट्यांना आणि चर्टच्या हजारो काचपट्ट्यांना लागणारी कोरडी साठवण आणि सूक्ष्मदर्शकाची खोली ही प्रदर्शनाच्या दालनापेक्षा निराळी गरज आहे. विद्यापीठाच्या भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांकडे नमुने आहेत, पण निवृत्तीबरोबर विभागातले कपाट कुणाचे हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे मनुष्यबळ आहे, मात्र जो विभाग दावा करतो त्यानेच त्याची तपासणी ठरवावी हे बरोबर नाही. म्हणून संग्रहाचा कारभार विद्यापीठ, सर्वेक्षण आणि राज्य पुरातत्त्व यांच्या संयुक्त मंडळाकडे असावा आणि त्याची यादी महाजालावर सर्वांना दिसावी. पैशाचा प्रश्न निघाला की खनिजांच्या जिल्ह्यांत जमा होणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीकडे बोट दाखवण्याची सवय आहे. त्या निधीला हात लावू नये, तो खाणींमुळे उठलेल्या आणि धूळ खाणाऱ्या गावांचा आहे. राज्याला मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कातील लहानसा वाटा याला पुरेल, आणि विधेयक पुन्हा चर्चेला येईल तेव्हा खाण मंत्रालयाने त्यावरची एक सुनावणी दिल्लीऐवजी नागपुरात घ्यावी, कारण मध्य भारतात ज्यांच्या टेबलावरून हे नमुने पुढे जातील ते अधिकारी आणि अभ्यासक इथेच बसतात.